कानात मशीन आणि तानपुरा गायब! (श्रवणयंत्र लावून गाणं ऐकणाऱ्यांचा धागा)

मंद्र

श्रवणयंत्राचा विषय निघाला की बोलणं 'आता समोरच्याचं ऐकू येतं ना?' इथवर येऊन थांबतं. येतं हो. माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे आणि बोलण्यापुरतं ते चोख काम करतं. रडगाणं आहे ते गाण्याचं.

तानपुरा सुरू झाला की पहिले काही क्षण छान भरून येतो आणि मग कुणी हळूच बटण फिरवावं तसा मागे सरकतो. बासरीचा लांब सूर मध्येच थरथरायला लागतो, वाजवणाऱ्याने दिलेला नसतानाही. तार षड्ज लागला की आवाज चिरतो. आणि तबल्यावर एक खणखणीत थाप पडली की गाणारा क्षणभर दबतो, मग पुन्हा वर येतो.

गंमत अशी की यातलं काहीही मशीन बिघडल्यामुळे होत नाही. ते त्याला शिकवलेलं काम मन लावून करतंय आणि त्याला शिकवलंय फक्त बोलणं.

तानपुऱ्याचं बघा. गोंगाट कमी करणारा जो भाग असतो तो आवाजाचा चढउतार मोजतो. माणसाचं बोलणं अक्षरांच्या लयीत सेकंदाला साधारण चार वेळा वरखाली होतं. पंखा, मोटार, एसी एकाच पातळीवर गुणगुणत राहतात. जे वरखाली होतं ते बोलणं, जे होत नाही तो गोंगाट, अशी ही ढोबळ परीक्षा. तानपुरा तीत पंख्याच्या गटात जातो! मशीनला खात्री पटायला थोडा वेळ लागतो, म्हणून आधी तो ऐकू येतो आणि मग जातो.

बासरीची थरथर येते शिट्टी दाबणाऱ्या भागातून. कानातून गळलेला आवाज परत माइकमध्ये शिरला की मशीन शिट्टी मारतं हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं. ती रोखण्यासाठी मशीन लांब टिकणारा, शुद्ध, एकच एक स्वर हुडकतं आणि त्याला उलटा स्वर सोडून खोडू बघतं. बासरी नेमकी तशीच वाजते. खोडणारा आणि वाजणारा स्वर यांची जी झटापट होते ती आपल्याला कंप म्हणून ऐकू येते. काही मशीनं तर वरच्या पट्टीतला बाहेर जाणारा आवाज काही हर्ट्झने सरकवून शिट्टी मोडतात. बोलण्यात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सुरात मात्र येतं.

ऑडिओलॉजिस्टकडून (कान तपासून मशीन बसवून देणारा तज्ज्ञ) मी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घेतला: गोंगाट कमी करणं बंद, शिट्टी दाबणं अगदी सौम्य, माइक सगळ्या दिशांनी ऐकणारे आणि आपोआप प्रोग्रॅम बदलणं बंद. तानपुरा परत आला. बासरी बरीच शांत झाली.

तार सप्तकात चिरणं मात्र आहे तसंच आहे. ते कुणी सोडवलंय का? इतर अनुभवही लिहा.

ओसरी

+१. ते आपोआप बदलणं हा फार छळवादी प्रकार आहे. समूहगान सुरू झालं की माझं मशीन ठरवतं की मी गर्दीच्या हॉटेलात बसलेय आणि समोरच्या एकाच माणसाकडे माइक रोखतं. बाकीचा वृंद गेला!

पट्टी_बदल

मंद्र, चिरण्याचं उत्तर तुमच्या वरच्या यादीत नाही, कारण तो दोष त्या सगळ्यांच्या आधी घडतो. हा माझा रोजच्या कामाचा विषय आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

आवाज माइकमधून आत आला की त्याचे आकडे होतात. त्या जागी एक छत असतं. १६ बिटांत कागदावर ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि तो कुठून कुठपर्यंत वापरायचा हे बनवणारा ठरवतो. साधं संभाषण ६५ डेसिबलच्या आसपास असतं आणि ओरडलेलं ८५च्या घरात. त्यामुळे ९५ला छत ठेवलं तरी बोलण्याला काही अडचण येत नाही. गाण्याला येते. मोठ्या वाद्यवृंदाजवळ किंवा स्पीकरच्या समोर १००च्या पुढे सहज जातं. शिवाय संगीतातली क्षणिक शिखरं सरासरीच्या बरीच वर जातात, बोलण्यातल्यापेक्षा जास्त. शिखर छताला आपटलं की तिथेच कापलं जातं. पुढे प्रोग्रॅममध्ये काहीही बदला, कापलेलं परत जोडता येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आवाज चिरत असताना मशीनचा व्हॉल्यूम उतरवा. मंद होऊनही चिरलेलाच राहिला तर दोष दारातच आहे. मंद केल्यावर स्वच्छ झाला तर तो पुढच्या टप्प्यातला आहे आणि सेटिंगने सुटू शकतो.

दारातल्या दोषावर मार्शल चेसिन या कॅनडातल्या ऑडिओलॉजिस्टने सांगितलेले उपाय मला पटतात. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग संगीतकारांच्या कानांवरच काम केलंय. घरात ऐकत असाल तर म्युझिक सिस्टिमचा आवाज कमी करा आणि मशीनचा वाढवा. आपला हात नेमका उलटा जातो, पण याने आत येणारा आवाज छताखाली राहतो. मैफलीत सिस्टिम आपल्या हातात नसते. तिथे माइकच्या भोकांवर साध्या चिकटपट्टीचे तीन-चार थर लावायचे. येणारा आवाज दहाएक डेसिबलने उतरतो. थर किती हे तुमच्या मशीनवर करून बघूनच ठरतं. डिंक भोकात जाऊ देऊ नका आणि घरी परतताना पट्टी काढायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरातले ओरडतील ते ऐकू येणार नाही.

नवं मशीन घेणार असाल तर ते किती डेसिबलपर्यंतचा आवाज न कापता आत घेतं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. ११०च्या आसपास उत्तर आलं तर गाण्यासाठी निम्मी लढाई जिंकलीत. चॅनल किती, ॲप कसलं, रंग कोणता हे नंतर.

थापेने गाणारा दबतो त्याबद्दल. आपल्यासारख्या कानांना हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच, टोचतो. मधली जागा अरुंद झालेली असते. म्हणून मशीन हळू आवाज खूप वाढवतं, मोठा थोडासाच. बोलण्यातला हळू-मोठ्यातला फरक तीसएक डेसिबलचा, तो या अरुंद जागेत बसवणं जमतं. आलापाच्या कुजबुजीपासून 'झाला' या शेवटच्या द्रुत, जोरकस वादनापर्यंतचा पल्ला त्याहून कितीतरी मोठा असतो. त्यात बोलण्यासाठीचं हे दाबणं झटपट चालतं. थाप पडली, मशीनने सगळंच खाली खेचलं, मग सोडलं. गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये दाबणं कमी आणि सावकाश सुटणारं ठेवायला सांगा.

खटपट्या

सगळं मान्य, पण 'म्युझिक प्रोग्रॅम' या नावावर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या मशीनमध्ये तो पहिल्यापासून होता. उघडून बघितलं (म्हणजे ऑडिओलॉजिस्टच्या खुर्चीमागे उभं राहून स्क्रीन बघितली) तर त्यात बास थोडा वर, ट्रेबल थोडा वर आणि गोंगाट कमी करणं तसंच चालू! म्हणजे नुसती पाटी बदललेली. त्यामुळे 'म्युझिक प्रोग्रॅम द्या' असं सांगू नका. आत काय चालू आणि काय बंद ते एकेक विचारा.

दुसरं, मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाला मी सरळ मशीन काढून खिशात टाकतो. माझा कान मध्यम गेलाय. १०० डेसिबलचं गाणं मला मशीनशिवायही ऐकू येतं आणि जास्त स्वच्छ येतं.

पट्टी_बदल

खटपट्या, यात चूक काहीच नाही. इतक्या मोठ्या आवाजाला तुमचं मशीन तसंही जवळजवळ काही वाढवत नसतं. सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांनी हे जरूर करून बघावं. पण उघड्या कानांनी तिथे किती वेळ बसता हेही मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी धरलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ला ५ तास, ९८ला चाळीस मिनिटंही नाहीत. तीही आठवडाभरात मिळून! उरलेला कान आपल्याला इतरांपेक्षा महाग आहे. मशीन काढून तिथे संगीतकार वापरतात ते सगळ्या पट्ट्या सारख्या उतरवणारे इअरप्लग घाला. ऐकूही येईल आणि जपलंही जाईल.

जोडतार

मी व्हायोलिन शिकतो. ऐकण्यापेक्षा माझी अडचण वाजवण्याची आहे. एक म्हणजे स्वतःचंच वाद्य पोकळ वाटतं. दुसरं, उजव्या कानाला षड्ज जिथे लागतो तिथे डाव्याला तो जरासा चढा लागतो. मधल्या सप्तकात चालून जातं, पण वरच्या सप्तकात कोणत्या कानावर विश्वास ठेवू हेच कळत नाही. हे मशीनमुळे आहे की कानामुळे?

पट्टी_बदल

दोन्ही काढून ऐका. एकेक कान बंद करून पेटीचा एकच स्वर लावा. मशीनशिवायही फरक राहिला तर तो कानाचा आहे. दोन्ही कान सारखे गेलेले नसले की असं होतं. मशीन लावल्यावरच येत असेल तर 'फ्रिक्वेन्सी लोअरिंग' चालू आहे का ते विचारा. यात वरच्या पट्टीतले, तुम्हाला ऐकू न येणारे आवाज खालच्या पट्टीत आणून ठेवतात. 'स', 'श' कळायला याचा फार उपयोग. पण स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत असतात म्हणून तो गोड लागतो. ते खाली सरकवले की पट मोडते. गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये हे बंद हवं म्हणजे हवंच.

पोकळपणाचं कारण बहुधा उशीर. मशीनला आवाज आत घेऊन, हिशेब करून, बाहेर सोडायला काही मिलिसेकंद लागतात. तुमचा डोम (मशीनचं कानात बसणारं मऊ टोपण) मोकळा असेल तर व्हायोलिनचा थेट आवाज आधी पोचतो आणि मशीनचा मागून. दोन्ही मिसळले की काही स्वर एकमेकांना मारतात. ५ मिलिसेकंदांचा उशीर धरला तर १००, ३००, ५००, ७०० हर्ट्झ अशा खाचा पडत जातात, जिथे दोन्ही आवाज सारख्या जोराचे असतील तिथे जास्त. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास काम उरकणारी मशीनं निघाली आहेत. वाजवणाऱ्यांनी ती कानाला लावून बघण्यासारखी आहेत.

आणखी एक. आतल्या कानाचा एखादा भाग पूर्णच निकामी असेल तर तिथे आवाज वाढवून सूर मिळत नाही, नुसती खरखर मिळते. ते तपासण्यासाठी केंब्रिजच्या ब्रायन मूर यांच्या गटाने २०००मध्ये एक चाचणी मांडली. सगळीकडे ती करत नाहीत, पण मागता येते. असा भाग सापडला तर त्या पट्टीत वाढ कमी केल्याने गाणं सुधारतं. ट्रेबल कमी करून गोड लागलं की लोकांना आश्चर्य वाटतं.

निळी_छत्री

बाबांसाठी विचारतेय. त्यांना नुकतंच मशीन घेतलंय, ब्लूटूथवालं. मोबाइलवरून जुनी गाणी थेट कानात सोडून दिली तर म्हणाले, पत्र्याच्या डब्यात कोंबलेलं गाणं आहे, काढ हे. आता ते मशीनलाच हात लावायला तयार नाहीत. बोलणं ठीक ऐकू येतं म्हणतात. डोम बारीक भोकांचा, मऊ आहे.

मंद्र

छत्री, त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे! भोकांच्या डोममधून बास बाहेर पळून जातो. खोलीत वाजणारं गाणं असेल तर तोच बास त्या भोकांतून आपसूक आतही येतो, म्हणून कमी जाणवत नाही. स्ट्रीमिंगमध्ये बाहेरून काही येतच नाही. आतला जातो आणि उरतो पत्रा.

तानपुऱ्यावर हे फार छान कळतं. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज धरला तर) जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला असतात, खर्ज त्याच्या निम्म्यावर, ७०च्या जरा खाली. मोकळ्या डोममधून स्ट्रीमिंगला हे ७० जवळजवळ शून्य. तरी खर्जाची तार छेडली की खर्जच वाजला हे कळतं, कारण मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर ताडतो. स्वर कळतो, वजन लागत नाही. ज्यांचा वरच्या पट्टीचा कान गेलाय त्यांचं उलट होतं. वजन राहतं, जवारी (तारेची ती झणझणीत गुंज) जाते. तार वाजते पण बोलत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं आहे. म्हणून मी मशीन लावून घेताना गाणं नेत नाही, नुसता तानपुरा नेतो. पंचम, जोड, खर्ज एकेक ऐकून सांगता येतं की कुठे काय कमी आहे. जोडीच्या तारांतून तो आपोआप उमटणारा गंधार ऐकू आला की मी समाधानाने उठतो. तो पाचवा उपस्वर आहे, ६९५च्या आसपास. तिथवर मशीन पोचलं नाही तर मग पैसे कशाचे घेतात!

तुमच्या बाबांना बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड लावून स्ट्रीमिंग ऐकवा. नाहीतर थेट कानात सोडू नका, बऱ्या स्पीकरवर लावा आणि मशीन लावून समोर बसवा. नव्या माणसाला मी या दोनांतला दुसरा, स्पीकरचाच मार्ग सांगेन.

स्वरलेखा

मोल्डच्या सल्ल्याला जोड देते. मी गाते. बंद मोल्ड घातला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, विशेषतः 'ई' आणि 'ऊ'वर. हाडांतून येणाऱ्या आपल्याच आवाजाला बाहेर पडायला जागा राहत नाही. त्या घुमण्याला फसून मी खर्जात दबकून गायला लागले होते. बरोबरच्यांनी विचारलं, आज आवाज का कोंडलाय? म्हणजे ऐकायला बंद बरं, गायला मोकळं बरं. माझ्या मोल्डला आता मध्यम व्हेंट (हवेसाठीचं भोक) आहे. थोडा बास सोडला, थोडं घुमणं स्वीकारलं. दोन्ही पूर्ण मिळेल असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. बाबा गात नसतील तर मात्र बंदच घ्या.

निळी_छत्री

गातात! पण फक्त बाथरूममध्ये आणि तिथे मशीन काढलेलं असतं. 😄 धन्यवाद, डोम बदलून बघते. हेडफोन चालतील का?

खटपट्या

चालतील, पण कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो हे लक्षात ठेवा. कानात घालायचे इअरफोन बाद, तिथे जागाच नाही. कान पूर्ण झाकणारे मोठे कप हवेत आणि ते थोडे वर सरकवून बसवायचे, म्हणजे माइक कपाच्या आत येतो. शिट्टी आली तर कप जास्त घट्ट बसलाय. मागून उघड्या असलेल्या हेडफोनला शिट्टी कमी येते. हे मला स्ट्रीमिंगपेक्षा जास्त आवडतं, कारण आवाज माइकमधून येतो आणि मी बसवून घेतलेला प्रोग्रॅम त्याला लागू होतो. स्ट्रीमिंगचं सेटिंग बऱ्याच मशीनमध्ये वेगळं असतं आणि ते कुणी बघितलेलंच नसतं. तेही विचारून घ्या.

रसिक_बाक

अशा धाग्यावर अजून बीथोवन कसा आला नाही? 😉

अर्धविराम

आणू नका. त्याला काही ऐकू येत नव्हतं तरी त्याने केलं, मग तुम्हाला काय झालंय, असा सूर लागतो शेवटी. ज्याने आधी पंचवीसेक वर्षं मनसोक्त ऐकलंय त्याची गोष्ट वेगळी. मला कुणाचं उदाहरण द्यायचंच असेल तर एव्हलिन ग्लेनी. बालपणीच जवळजवळ सगळी श्रवणशक्ती गेली, तरी तालवाद्यांची जगभर मैफल करते, अनवाणी उभी राहून, जमिनीतून येणारा कंप अंगाने घेत.

माझ्या एका कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं, नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र) आहे, दुसऱ्याला श्रवणयंत्र. इम्प्लांटमध्ये मॉडेलप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात आणि ते साडेतीन हजारांच्या आसपास असलेल्या आतल्या केसपेशींचं काम करू बघतात. बोलण्याला पुरतात. ताल तर चोख कळतो, तिहाई कुठे संपणार हे मी शेजाऱ्याच्या आधी सांगतो. सूर मात्र धूसर. दोन शेजारचे स्वर एकच वाटतात. नुसत्या इम्प्लांटने राग ओळखायला सांगाल तर बंदिशीचे शब्द ऐकून ओळखीन!

पण यंत्राचा कान खालच्या पट्टीत अजून थोडा शिल्लक आहे, तो सुराचा पाया देतो. दोन्ही एकत्र लावले की इम्प्लांटमधून शब्द आणि ताल, यंत्रातून सूर असं काहीसं जुळतं. म्हणून दुसऱ्या बाजूला इम्प्लांट झालं की 'आता कशाला' म्हणून यंत्र काढून ठेवू नका. गाणं असेल तर नक्कीच नाही.

निवडही बदलली. मोठा वाद्यमेळ आता मला सोसत नाही. एक आवाज, एक साथ, एवढंच ऐकतो. आधी ऐकलेली गाणी फार बरी लागतात, कारण जिथे यंत्र कमी पडतं तिथे आठवण भरून काढते. नवीन गाणं ऐकायचं तर आधी शब्द वाचून घेतो.

ओसरी

अर्धविराम, किती नेमकं लिहिलंत. मैफलीतलं विचारायचं होतं. सभागृहात मागे बसलं की सगळं एकात एक मिसळतं. टेलिकॉइल चालू करावं का?

पट्टी_बदल

सभागृहात लूप (ध्वनियंत्रणेला जोडलेली, खोलीभोवती फिरवलेली तार) बसवलेला असेल तर. टेलिकॉइल चुंबकीय लहरींतून थेट ध्वनियंत्रणेचा आवाज उचलतं, त्यामुळे खोलीचा घुमारा आणि आजूबाजूची कुजबुज जाते. बोलण्याच्या कार्यक्रमाला उत्तमच आहे. गाण्याला लूप कसा लावलाय आणि तुमच्या मशीनचं टेलिकॉइल सेटिंग कसं आहे यावर अवलंबून. पुष्कळदा बास पातळ येतो. टेलिकॉइलसोबत माइकही अर्धा चालू ठेवायचा प्रोग्रॅम करून घ्या, टाळ्या आणि दाद ऐकू आल्याशिवाय मैफल कसली. पुढे हे काम ऑराकास्ट करेल असं दिसतंय. २०२०मध्ये नवं ब्लूटूथ एलई ऑडिओ जाहीर झालं, त्यातलाच हा भाग. सभागृहातून एकच प्रक्षेपण सुटतं आणि ज्याच्या कानात चालणारं मशीन आहे तो ते पकडतो. मशीन आणि सभागृह दोन्ही तयार हवेत, म्हणून आज फक्त त्याच भरवशावर तिकीट काढू नका.

आणि साधी गोष्ट: पुढे बसा, पण स्पीकरपुढे नाही.

मंद्र

चिकटपट्टी लावून बघितली. तीन थरांनंतर तार षड्ज स्वच्छ! चौथा थर लावला तर आलाप फारच बारीक झाला म्हणून तीनवर थांबलो. द्रुतात 'झाला' चढला तेव्हा अजून कडेला किंचित खरखर होती, पण आधीचं फाटणं नाही. शेजारच्या श्रोत्याने मध्यंतरात विचारलं, कानाला लागलंय का काही?

ऑडिओलॉजिस्टकडे जाणाऱ्यांनी एक करावं. 'गाणं नीट ऐकू येत नाही' एवढ्याच तक्रारीवर तो बिचारा काय करणार, तो ट्रेबल दोन घर वर करून देतो. काय होतं, कधी होतं आणि कशावर होतं हे सांगा. लांब सुरावर थरथर, मोठ्या आवाजाला चिर, थापेनंतर बुडणं, काही वेळाने मागे जाणं, या चारांची कारणं वेगवेगळी आहेत हे वर आलंच आहे. आपली तीन-चार ध्वनिमुद्रणं मोबाइलमध्ये ठेवा आणि तिथेच चांगल्या स्पीकरवर लावायला सांगा. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात श्रवणयंत्र आणि संगीत यावर स्वतंत्र प्रकल्प झाला, त्यातून ऐकणाऱ्यांसाठी आणि ऑडिओलॉजिस्टसाठीही माहितीपत्रकं निघाली. कुणी 'गाण्यासाठी वेगळं काही नसतं' असं म्हणालं तर त्यांच्या हाती ती द्या. आणि तरीही तेच म्हणाले तर ऑडिओलॉजिस्ट बदला, मशीन नको.

जोडतार

फ्रिक्वेन्सी लोअरिंग खरंच चालू होतं! बंद केल्यावर वरच्या सप्तकातला बराचसा फरक गेला. थोडा उरलाय, तो कानाचाच असणार. आता सूर लावताना डावा कान प्रमाण धरतो.

निळी_छत्री

बंद डोमने बाबा खूश. पण काल संध्याकाळपासून डाव्या बाजूचं गाणं पुन्हा मळकट, बोलणंही जरा दबलेलं येतंय म्हणतात. परत सेटिंगला न्यावं का?

खटपट्या

आधी रिसीव्हरच्या (कानात आवाज सोडणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) तोंडावरची मळाची जाळी बदला. ती अर्धवट तुंबली की पहिला ट्रेबल जातो. बंद डोमला तर जास्तच. डब्यात सुट्या जाळ्या आणि काडी दिलेली असते. काडीच्या एका टोकाने जुनी ओढायची, दुसऱ्या टोकाने नवी दाबायची. जाळी बदलूनही तसंच राहिलं तर डोमच्या भोकात बघा, मग माइकच्या. तिथेही काही नसेल तर कानातच मळ असेल, तो डॉक्टरांकडून काढून घ्या. सेटिंगची वेळ त्यानंतर.

निळी_छत्री

जाळीच होती. पूर्ण काळी. आता आवाज कमी कर म्हणून मलाच ओरडावं लागतंय.